चुरींची उपद्रव-वही

आमच्या सरकारी चाळीत कोंबडा आरवला की चुरी घड्याळ बघत आणि वहीत लिहीत, "कोंबडा, पावणेपाच." कोंबड्यावर तक्रार! असा माणूस माझ्याच भिंतीला भिंत लावून राहावा, हे कुठल्या जन्मीचं पाप होतं देव जाणे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सरकारने डहाणूत बारा खोल्यांची चाळ बांधली आणि भाडेकरूंना नियमांचा छापील कागद दिला. शेजाऱ्यांना उपद्रव देऊ नये, दिल्यास खोली खाली करावी लागेल, वगैरे. आम्ही तो फडताळात अंथरला. चुरींनी भिंतीवर चिकटवला. जंगलखात्यातला पन्नाशीचा कारकून, एकटा जीव सदाशिव. कोणी मोठ्याने शिंकलं तरी दारात हजर, "नियमात बसत नाही हो हे!"

धाकट्या डहाणूची बोंबीलवाली आली की चुरी तिची टोपली वासापायी जिन्याखालीच अडवायचे. चाळीतल्या जशुबेन मसाला कुटायला बसल्या की ठोके मोजायचे. "अरे भाई, मुक्याने मिरची कशी कुटायची, तुमीच शिकवा ने!" जशुबेन ओरडायच्या. चुरी तेही लिहून घ्यायचे. दर सोमवारी वहीची नक्कल चाळीचा कारभार बघणाऱ्या कचेरीत.

माझी बेबी आठ वर्षांची. हसायला लागली की थांबायची नाही. एक दिवस चुरींनी लिहिलं, "सहा नंबर. मुलीचे हसणे, मोठे." झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीच्या हसण्यावर कलम लावतो? चारचौघांत बजावलं, "पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकलंत तर तंगडं मोडीन!"

त्याच आठवड्यात बेबी तापाने आडवी झाली. तरी माझा संताप उतरेना. तिच्या खाटेशी बसून मी अर्ज ठोकला: हा माणूसच चाळीला उपद्रव आहे, याला काढा. उरलेली दहाही बिऱ्हाडं माझ्या खोलीत येऊन सह्या करून गेली.

पुढच्या आठवड्यात कचेरीतले साहेब आले. चुरी दारात सदऱ्याची गुंडी पिळत उभे. "साहेब, मला दुसरं घर नाही," एवढंच म्हणाले. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? साहेबांनी पुराव्यासाठी वही उघडली, शेवटच्या पानाशी अडखळले आणि मोठ्याने वाचू लागले.

"सहा नंबर. सहा दिवस मुलीचा आवाज नाही. कचेरीने डॉक्टर पाठवावा. आज सात दिवस. डॉक्टर पाठवावा. आज आठ दिवस..."

साहेब वैतागले. "अहो, आवाज नाही ही कसली तक्रार? नियमात गोंगाट आहे, शांतता नाही!"

"ठाऊक आहे, साहेब," चुरी पुटपुटले. "पण त्यांच्या दारात जायची मला बंदी आहे."

मी साहेबांच्या हातातून अर्ज ओढून घेतला. "मागे घेतो," म्हटलं. राग होताच, पण आता तो माझ्यावरच होता.

चुरींनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "पोर बरी आहे ना?"

सह्या करायला दहा घरची माणसं तिच्या खाटेला वळसा घालून आली होती. एकानेही हे विचारलं नव्हतं.