मुलकी चहावर आलेले अरिष्ट व मावशींची फत्ते

चहामंडळाचे तिसऱ्या मजल्यावरील चव-दालनात देशाच्या चहाची अब्रू जाता जाता कैसी राहिली, ते वर्तमान तपशीलवार निवेदन करितो. ज्यास घाई असेल त्याने खुशाल उठोन जावे.

ते समयी मुलकी चहाची दशा बिकट. परमुलखीच्या चहाने पेठा काबीज केल्या, आणि पुडक्यांच्या फौजा दुकानोदुकानी मोर्चे लावून बसल्या, आणि खासे चवपारखी साहेब, तीस वर्षे घोट घेणार व शिरस्त्याप्रमाणे थुंकणार, एकही न गिळणार, ऐसे जबरदस्त जिभेचे धनी, त्यांनी लागोपाठ तीन हंगाम एकच शेरा मारिला की, चहात दम नाही. मग अध्यक्ष साहेबांनी मसलत करोन फर्मान काढिले की, आज अखेरची परीक्षा. नापास होताच डोंगरावरील कारखान्यास कुलूप ठोकावे आणि झुडपे मुळासकट उपटावी.

हे फर्मान दालनात कप विसळणाऱ्या मावशींचे कानी गेले. मावशींचे यजमान त्याच कारखान्यात पत्ती वाळविणाऱ्या भट्टीवर पंचवीस वर्षे चाकरीस. पत्ती तीच, हात तेच, मग दम गेला कोठे, ऐसा विचार करीत मावशींनी नजर फिरविली, तो कोपऱ्यात विजेचा बंब! तीन हंगामांमागे आधुनिकीकरणाचे नावे फीत कापोन मोठ्या इतमामाने बसविलेला. सकाळी भरावा, दिवसभर खदखदत ठेवावा आणि परीक्षेचे कप त्याच पाण्याचे करावे, ऐसा त्याचा खाक्या. मावशी आपल्यापुरता चहा जुन्या किटलीत करीत, तो मात्र फक्कड होई. पत्तीची परीक्षा सारेच घेत, पाण्याची कोणी घेतलीच नव्हती.

मग मावशी पदर खोचून भर सभेत शिरल्या आणि पारखी साहेबांचे हातचा कप काढोन घेत्या झाल्या. मावशी म्हणाल्या, "साहेब, चहा चांगलाय हो, पाणी मेलंय! सकाळपासून नुसतं उकळतंय ते. आमच्या ह्यांची भट्टी विझवायच्या आधी एकदा ताजं पाणी तरी ठेवून बघा!"

अध्यक्ष साहेब संतापोन लाल जाहले, कारण फीत त्यांनीच कापिली होती. परंतु पारखी साहेबांनी हात वर करोन त्यांस गप्प केले. मग किटलीत नळाचे ताजे पाणी भरले, आणि पहिली उकळी फुटताच त्याच पत्तीवर ओतिले, आणि सहा मिनिटे अवघा दरबार घड्याळाकडे डोळे लावोन बसला. साहेबांनी चमचाभर चहा सुर्रकन ओढिला, जिभेवर घोळविला, डोळे मिटिले. कारकुनाने पिकदाणी पुढे केली, ती साहेबांनी बाजूस सारिली आणि घोट गिळिला. मग चमचा ठेवोन अवघा कप घशाखाली घातला. मावशींनी पदराने डोळे टिपले.

ऐशी फत्ते जाहली. बंबाची रवानगी अडगळीत झाली, झुडपांस अभय मिळाले, भट्टी बहाल राहिली. मंडळाचे अहवालात 'मुलकी चहाचे भवितव्य' या कलमाखाली पारखी साहेबांनी स्वदस्तुरे इतकेच लिहिले, ते दफ्तरी जैसेचे तैसे दाखल आहे: "मावशी, अजून एक कप."