गोलकीपरचा बाजारभाव

"अर्धा पगार? मी काय अर्धेच गोल अडवतो?"

गोलकीपरने कराराचा कागद मॅनेजरच्या टेबलावर आपटला. गडी पस्तिशी ओलांडलेला, पण गेल्या मोसमात बुडणारा संघ त्याच्याच दोन हातांनी वर काढला होता. आणि पगार कुणाचा तिप्पट? अजून एकही सामना न खेळलेल्या नव्या पोराचा!

"वयाप्रमाणे चपळाई कमी होते, दादा," मॅनेजर मऊ आवाजात म्हणाला. "बाजारभावच तसा आहे."

"बाजारभाव? मी काय परवाची भाजी आहे?"

"चिडू नका."

"मग काय टाळ्या वाजवू? घरी बायकोला तोंड कसं दाखवू? निघालो मी दुसऱ्या क्लबात!"

त्याने तावातावाने दार ओढलं. मूठ उपटून हातात आली, दार मात्र जागचं हललं नाही.

मॅनेजरचा चेहरा उतरला. "अहो, क्लबचे मालक येतायत! आणि माझा फोन बाहेर राहिलाय."

"माझा बॅगेत, आणि बॅग खाली."

दोघांनी दार बडवून पाहिलं. बाहेर मैदानावर गवत कापायचं यंत्र घरघरत होतं. कुणाला काय ऐकू जाणार! शेवटी झरोक्यातून हाक मारायला मॅनेजर आपल्या खुर्चीवर चढला.

"त्या खुर्चीला चाकं आहेत," गोलकीपर म्हणाला.

"माझी खुर्ची मला शिकवू नका!"

खुर्ची एकीकडे गेली, मॅनेजर दुसरीकडे. गोलकीपरने आडवी झेप घेतली आणि साहेबांना जमिनीपासून वीतभर वर अलगद झेललं. चष्मासुद्धा नाकावरून हलला नाही.

"बाप रे! काय झेप घेतलीत!"

"हीच ती कमी झालेली चपळाई!"

मॅनेजरने निमूट अर्धा पगार खोडला, पूर्ण लिहिला, वर थोडा वाढवला. सही करायला गोलकीपर टेबलावर वाकला आणि कमरेत कट्‌कन आवाज झाला. सही झाली. कंबर काही सरळ होईना.

तेवढ्यात मालकांनी बाहेरून दार उघडलं. गोलकीपर वाकलेलाच त्यांच्याकडे वळला.

"वा!" ते खूश झाले. "जुने खेळाडू असे नम्र हवेत. नाहीतर पगारावरून भांडत बसतात!"

गोलकीपरच्या मस्तकाची शीर तडतडली. पण कंबर धरल्याचं सांगितलं, तर शाई वाळायच्या आत करार फाटला असता.

"आभारी आहे, साहेब," तो दातओठ खात मालकांच्या बुटांना म्हणाला.