हुपरीच्या हाताची चमक

केरबा मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत एकदा बघितलं आणि परत बंद केलं. "थर्मोस्टॅट गेलाय सायेब. पुनवंनंतर आणा, आता येळ न्हाय."

पण धैर्यशीलरावांना गाडी पौर्णिमेलाच हवी होती. सासूबाईंना तिच्यातून नृसिंहवाडीला न्यायचा शब्द त्यांनी दिला होता. तीन वर्षांपूर्वी ही जुनी गाडी दारात उभी राहिली, तेव्हा चांदीकामाच्या हुपरीच्या चिमणाबाई, म्हणजे सासूबाई, एवढंच म्हणाल्या होत्या, "असू दे पावणं. एष्टी हाय की." ते वाक्य धैर्यशीलरावांच्या पोटात अजून सलत होतं.

तेव्हा थर्मोस्टॅट घरीच बदलायचं ठरलं. (ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. बायकोनं, स्नेहलनं, फक्त कपाळाला हात लावला.) हा लाडवाएवढा प्रकार. इंजिन तापलं की यानं तोंड उघडून पाणी सोडायचं, एवढंच याचं काम. जुन्याचं तोंड उघडतच नव्हतं. नवा शाहूपुरीतल्या दुकानातून आणला.

धैर्यशीलराव कचेरीत आवक-जावक सांभाळत आणि घरी नोंदीशिवाय पंखासुद्धा पुसत नसत. नोंद पहिली : इंजिन थंड आहे, हात लावून खात्री केली. नोंद दुसरी : पुन्हा केली. प्रत्येक बोल्ट कागदाच्या पुडीत गेला, पुडीवर नंबर पडला. दुपारी तीनला जुना थर्मोस्टॅट बाहेर आला, काळाकुट्ट.

नवा बसवण्याआधी उकळत्या पाण्यात टाकून बघा, असं व्हिडिओतल्या माणसानं बजावलं होतं.

"एक पातेलं दे गं."

"कुठलं?"

"दुधाचं चालेल."

"तुम्हाला चालेल हो!" स्नेहलनं माळ्यावरचं पोचा पडलेलं पातेलं काढून दिलं. "आणि हे परत माझ्या ओट्यावर दिसता कामा नये."

दोघांची एकत्रच परीक्षा झाली. नव्यानं झकास तोंड उघडलं. जुना मात्र अर्ज घेऊन आलेल्या माणसासमोर साहेब बसतात तसा मख्ख. धैर्यशीलरावांनी दोन्ही ओट्यावर ठेवले आणि लिहिलं : डावीकडे जुना (काळा), उजवीकडे नवा (चकचकीत). मग ते खाली जाऊन इंजिनावरचं चिकटलेलं जुनं पॅकिंग खरवडत बसले.

तेवढ्यात हुपरीच्या एस.टी.नं सासूबाई आल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथला पसारा बघून त्यांनी पदर खोचला.

तासाभरानं धैर्यशीलराव वर आले, तर डावीकडचा थर्मोस्टॅट नव्या पैंजणासारखा लखलखत होता आणि उजवीकडच्यावर पाण्याचे पांढरे डाग. सासूबाईंनी ओटा पुसताना जागा बदलल्या असणार, हे त्यांनी लगेच ओळखलं. (हुशारीची त्यांना कधीच कमतरता नव्हती.) डागवाला भंगारात गेला, लखलखता इंजिनात. गल्लीत एक फेरी मारून त्यांनी शेवटची नोंद केली : काम फत्ते.

पौर्णिमेच्या सकाळी सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, स्नेहल मागं. "बरी हाय की गाडी," असंसुद्धा म्हणाल्या. धैर्यशीलरावांची छाती फुगली. त्याबरोबर तापमानाचा काटाही चढला. वाटेत हेर्ल्याच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ निघाली.

"असं कसं होईल? नवाकोरा बसवलाय!" धैर्यशीलराव रस्त्याकडेला उभे राहून वही चाळू लागले.

"कंचा वो?" सासूबाईंनी विचारलं. "त्या दोन वाट्या हुत्या, त्यातली व्हय? एक लई कळकटली हुती बघा. म्हटलं, हुपरीची बाई घरात असताना हे बरं दिसंल का? दिली रिठ्यानं घासून. चांदीसारखी निघाली!"

"आणि जागा? जागा बदलली का तुम्ही?"

"छ्या! तुमच्या वस्तूची जागा मी कशाला बदलू?"

स्नेहल एकदम रस्त्याच्या पलीकडे बघू लागली. तिचे खांदे हलत होते.

तेवढ्यात एस.टी. आली. सासूबाईंनी हात केला आणि मायलेकी चढल्या. खिडकीतून सासूबाई ओरडल्या, "पावणं, परसाद आणते! हितंच ऱ्हावा!"

(दुसरीकडं कुठं जाणार होते?)

दुपारी केरबा आला. निवलेलं इंजिन उघडून त्यानं थर्मोस्टॅट काढला, उन्हात धरला आणि डोळे बारीक केले.

"सायेब, सगळ्या कामात घासायचं एवढं एकच काम एक नंबर झालंय. कुणी केलं?"

धैर्यशीलरावांनी वही उघडली. शेवटची नोंद खोडली आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं : सासूबाई.