लाटसाहेबांचा पास-नापास तक्ता

कुत्र्यांच्या खाण्यापिण्याबद्दल आमच्या गल्लीत कोणाला काही अडलं, तर तो माझं दार वाजवतो. म्हणजे गेल्या शनिवारी दुपारी तीनपर्यंत तरी वाजवत होता. त्यानंतर कोणी आलेलं नाही, आणि का आलं नाही ते मीच सांगतो. दुसऱ्या कोणाकडून ऐकलंत तर त्यात तिखटमीठ असेल, आणि खरं सांगायचं तर या गोष्टीला तिखटमिठाची गरजच नाही.

मी रंगाच्या कारखान्यात तपासनीस आहे. रंगाची खेप डब्यांत भरण्याआधी माझ्या टेबलावर येते. मी तिचे तीन नमुने घेतो, एक वरचा, एक मधला, एक तळाचा. तीनदा तपासतो, कागदावर 'पास' किंवा 'नापास' लिहितो आणि खाली सही ठोकतो. एकोणीस वर्षं हेच करतोय. एकदा माझी सही पडली की ती खुद्द मालकालाही बदलता येत नाही. हे मी घरी इतक्या वेळा सांगितलंय की आता नुसतं 'एकदा माझी' म्हटलं तरी बायको उठून गॅस बघायला जाते.

आमचा कुत्रा दिसायला चारचौघांसारखाच आहे, तपकिरी, मध्यम, एक कान खाली पडलेला. पण नखरे असे की बघत राहावं. आणलं तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, आठवड्याभरात सगळे त्याला लाटसाहेब म्हणायला लागले. अंड्यातला पांढरा भाग खाणार, पिवळा बाजूला काढून ठेवणार. पावाच्या कडा कापून द्यायच्या. दूध कोमट हवं, पाणी निळ्याच भांड्यात हवं. भांडं बदललं तर भांड्याकडे बघायचं, मग आपल्याकडे, आणि मग असा सुस्कारा सोडायचा की आपल्यालाच आपल्या संस्कारांची लाज वाटावी.

"मी याला सरळ करतो," मी जाहीर केलं. "कामच आहे माझं."

आणि मी तक्ता केला. फ्रिजच्या दारावर लावला. डावीकडे पदार्थ, मध्ये चाचणीचे तीन रकाने, उजवीकडे शेरा आणि सही. प्रत्येक पदार्थ तीन वेगवेगळ्या दिवशी द्यायचा, मगच शेरा. महिन्याभरात एक्केचाळीस पदार्थ झाले. लोक बघायला यायचे. समोरचा घड्याळजी तर वही घेऊन आला होता.

या तक्त्यावरून माझं एकदाच कोणाशी वाजलं, ते आमच्या मुलीशी. ती दहा वर्षांची आहे आणि प्रश्न विचारून माणसाला भंडावून सोडते, म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणतात. उकडलेलं गाजर तिन्ही चाचण्यांत नापास झालं होतं. मी सही केली. चौथ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने दिलं आणि लाटसाहेबांनी ते चक्क खाल्लं. ती नाचतच आली.

"बाबा, गाजर पास कर."

"तीन चाचण्या झाल्या. सही झाली."

"पण त्याने आत्ता खाल्लं ना."

"चौथी चाचणी धरत नाहीत. नियम म्हणजे नियम."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, शिस्त लागतेय पोरीला.

आता शनिवार. पण त्याआधी एक नाजूक बाब सांगायला हवी. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांनी, माझी साखर बंद केली. रक्तातली वाढली होती म्हणून चहातली गेली. मी घरात छाती काढून सांगितलं होतं, "एकदा ठरवलं की ठरवलं. माझ्या जिभेवर माझा ताबा आहे." आणि होताही, कारण घरात गोड काही नव्हतंच.

बायको घरी केक करून विकते. आजवर वाढदिवसांचे छोटे केक व्हायचे. पण कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला दहा वर्षं झाली, आणि त्यांनी तिला शनिवारी संध्याकाळी पाचसाठी चॉकलेट केक सांगितला होता. दोन थरांचा. तीसेक लोक येणार होते. "हा जमला ना, तर चार लोक नाव विचारतील माझं," असं ती आठवडाभर म्हणत होती. शनिवारी पहाटे उठून तिने तो केला. दुपारी ओट्यावर ठेवला, पांढऱ्या ताटात, गुळगुळीत, चकचकीत. कारखान्यातल्या तपकिरी रंगाला एकोणीस वर्षांत कधी अशी चमक आलेली मी पाहिली नाही.

"मी आणि वकीलबाई खोका आणि फीत घेऊन येतो," ती म्हणाली. "अर्धा तास. लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. तिथेच घात झाला. लक्ष ठेवलं नसतं तर मला ती कड दिसलीच नसती.

मागच्या बाजूला एक कड जराशी वाकडी होती. तिच्या भल्यासाठीच म्हणतो, मी सुरीने ती सरळ केली. जो तुकडा निघाला तो टाकायचा कुठे? अन्न आहे. मग दुसरी बाजू उंच दिसायला लागली. ती सरळ केली. मग म्हटलं, तीसेक लोक खाणार, उद्या काही कमीजास्त झालं तर नाव बायकोचं जाईल, नमुना घेतलेला बरा. वरचा घेतला. मधला घेतला. तळाचा घेतला. तिन्ही पास. पण एकदा तपासून शेरा कोण देतो? मी पुन्हा वरून सुरुवात केली.

भानावर आलो तेव्हा ताटात तळाचा एक ओबडधोबड तुकडा उरला होता आणि घड्याळात साडेतीन वाजत होते. जिन्यात पावलं वाजली. मी ओठ पुसले. स्वयंपाकघराच्या दारात लाटसाहेब बसून माझ्याकडे बघत होते.

यापुढचं वाक्य लिहिताना मान खाली आहे. मी ताट उचललं आणि त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवलं.

"एकदा जीभ लाव," मी अक्षरशः विनवलं. "एकदाच."

त्यांनी वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. आणि दोन पावलं मागे सरकून बसले. चोरीत भागीदार व्हायलाही त्यांना पदार्थ आवडीचा लागतो.

दार उघडलं. बायकोच्या हातातला खोका खाली पडला.

"हे कोणी केलं?"

मी फक्त कुत्र्याकडे बोट दाखवलं. हेच बोट धरून माझ्या बापाने मला चालायला शिकवलं होतं.

"बाबा, नक्की यानेच खाल्लं?" वकीलबाईंनी विचारलं.

"नक्की."

मला वाटलं बायको ओरडेल, कुत्र्याला दोन धपाटे बसतील, तोही ते विसरेल, मीही. पण ती पांढरीफटक पडली. तिने त्याला उचलून छातीशी धरलं. केकचं नावही काढलं नाही.

"अहो, चॉकलेट कुत्र्यांना विष असतं. एवढं खाल्लं तर मरेल तो. चला, गाडी काढा."

एक्केचाळीस पदार्थांचा माझा तक्ता, आणि हे मला ठाऊक नव्हतं. तिला होतं. तिने तक्ता कधी केला नाही, नुसतं प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं होतं.

गाडी मी चालवत होतो. बायको शेजारी बसून डॉक्टरीणबाईंना फोन करत होती. "बाई, केक नाही होऊ शकत. कुत्र्याने खाल्ला. नाही, माझंच चुकलं, मी खाली ठेवायला नको होता." ओट्यावर होता तो. तिला वाटत होतं आपणच विसरलो असू. आणि फोन ठेवल्यावर ती जी रडायला लागली, ती केकसाठी नाही. मागे वळून ती कुत्र्याचे कान चोळत होती आणि म्हणत होती, "सोन्या, डोळे मिटू नको."

लाटसाहेबांना गाडीत नेहमीच झोप लागते.

"बाबा," मागून आवाज आला. "तू त्याला खाताना पाहिलंस?"

आरशात तिचे डोळे दिसत होते. मी आरसा जरा वर केला.

"पाहिलं म्हणजे... हो. पाहिलं."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला रांगेतून थेट आत घेतलं. एका म्हाताऱ्या मांजराला उठवून आम्हाला जागा दिली, तेही मला लागलं. कुत्रा टेबलावर, बायको त्याचं डोकं धरून, मी टेबलाच्या टोकाला.

"किती खाल्लं?"

"जवळजवळ सगळा," मी म्हणालो. "दोन थर."

"किती वाजता?"

"तीनला सुरुवात, साडेतीनला संपला."

"अर्धा तास लागला?" डॉक्टर थांबले. "कुत्रा दोन मिनिटांत संपवतो."

"हा सावकाश खातो. आधी कडा, मग मधला भाग."

"चॉकलेट गोड होतं की कडवट?"

"वरून कडवट. पण आत जरा गोडाकडे झुकलेलं, आणि तळाला..."

मी थांबलो. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बायको कुत्र्याच्या पोटावर कान ठेवून होती, तिने ऐकलं नाही. वकीलबाईंनी ऐकलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सगळा त्यानेच खाल्ला?"

आता बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण बायकोचा रडून सुजलेला चेहरा समोर होता, आणि मला वाटलं, एक सुईच तर टोचतील.

"हो," मी म्हणालो. "त्यानेच."

डॉक्टरांनी औषध भरायला घेतलं. "उलटी करवावी लागेल. तासभर त्रास होईल त्याला, पण इलाज नाही. एरवी गोड खातो का हा?"

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी दप्तरातून घडी केलेला कागद काढला. फ्रिजवरचा तक्ता. "डॉक्टर विचारतील काय काय खातो, म्हणून आणला."

डॉक्टरांनी मोठ्याने वाचला. "गोड बिस्किट, नापास. जॅम, नापास. साधा केक, नापास. शेरा, हा प्राणी गोड पदार्थाला तोंड लावत नाही, भुकेला असला तरीही. तीन चाचण्या पूर्ण." त्यांनी मान वर केली. "सही कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

लाटसाहेबांनी जांभई दिली, आणि सगळ्यांना त्यांचे पांढरेशुभ्र दात दिसले. सुई भरून झाली होती. वकीलबाईंनी माझी बाही ओढली आणि कानाशी येऊन विचारलं,

"बाबा, तू सांगतोस की मी सांगू?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. प्राण्यांच्या दवाखान्यातली फरशी फार पक्की असते.

"सुई नका देऊ," मी म्हणालो. "त्याने नाही खाल्ला. मी खाल्ला."

बायकोने मान वर केली. मला वाटलं आता काय काय ऐकावं लागेल. तिने एकच शब्द विचारला.

"सगळा?"

"तळाचा थोडा राहिलाय."

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली. "जनावर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही मात्र तुमच्या डॉक्टरांना भेटा." त्यांनी पैसे घेतले नाहीत, म्हाताऱ्या मांजराची तेवढी माफी मागून जा म्हणाले. मांजराने माफी स्वीकारली नाही.

परत येताना बायको मागच्या सीटवर बसली, कुत्र्याजवळ. उतरताना म्हणाली, "केकचं काही नाही हो. उद्या दुसरा करीन. मी रस्ताभर त्याला मरू नको म्हणत होते आणि तुम्ही गाडी चालवत होतात." एवढंच. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

मग मी एकटा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. पाच वाजले होते. तीसेक लोक चहा घेत उभे होते. डॉक्टरीणबाई लगबगीने पुढे आल्या. "बिचारा कसा आहे आता?"

"तो बरा आहे. खाल्ला मी होता."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सगळा?"

मागे घड्याळजी उभा होता, हातात कप धरून. तेव्हाच मला कळलं की आता आपल्याकडे कोणी वही घेऊन येणार नाही.

घरी आलो तर तक्ता फ्रिजवर परत लागला होता. शेजारी नवा कोरा कागद, रेघा पट्टीने मारलेल्या, वर माझं नाव. पहिली ओळ, 'चॉकलेट केक, पास.' दुसरी ओळ, 'खरं बोलणे.' चाचणी एक, स्वयंपाकघर. चाचणी दोन, गाडी. चाचणी तीन, प्राण्यांचा दवाखाना. पुढे शेरा, 'नापास.' खाली वळणदार सही.

लाटसाहेब गाजर खात होते. वकीलबाई त्यांच्याजवळ बसल्या होत्या.

"अगं, पण शेवटी मीच सांगितलं ना," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर. तू बघितलंस."

तिने गाजराचा पुढचा तुकडा मोडला.

"ती चौथी होती, बाबा. चौथी धरत नाहीत."