हरकतवाले मेश्राम सर

मेश्राम सर कधी कोणाशी भांडले नाहीत. ते फक्त 'हरकत नोंदवायचे'.

एका लग्नात वरण खारट झालं. बाकीच्यांनी दोन ग्लास पाणी जास्त पिऊन वेळ निभावली. सरांनी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'विषय : वरणातील मिठाबाबत हरकत', खाली सही केली आणि वधूपित्याला म्हणाले, "वाचा, अन् याची पोच द्या." पंगतीच्या गडबडीत त्या बिचाऱ्यानं खरंच सही दिली. यवतमाळच्या बसस्टँडवर राळेगावची गाडी उशिरा लागली, की सरांना येताना पाहूनच कंट्रोलर शिक्का शाईत बुडवून ठेवायचा.

मी त्यांच्याकडे टायपिंगला होते. ऑफिस म्हणजे एक खोली, नकाशांचं एक टेबल आणि दारावर पाटी : 'शेख आणि मेश्राम, बांधकाम सल्लागार'. शेख सर उन्हात उभं राहून कामं करून घ्यायचे, मेश्राम सर कागद सांभाळायचे. राळेगावकडचा बंधारा पूर्ण झाला आणि थोड्याच दिवसांत शेख सर हार्टअटॅकनं गेले. मेश्राम सरांनी त्यांच्या बायकोला, नसरीनभाभींना, भागीदार करून घेतलं. पाटी तशीच राहिली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. गावागावांतली घरबांधणी थांबली होती, जिनिंगवाले नवीन शेडचं नाव काढत नव्हते. आमच्या टेबलावर धूळ बसायला लागली. तेवढ्यात सरकारनं जिल्ह्यात बंधाऱ्यांची कामं काढली आणि देखरेखीसाठी फर्मकडून अर्ज मागवले. आम्ही भरला. गुणांची यादी लागली. आमच्यापुढे लिहिलं होतं, 'अनुभव : शून्य'.

मला रडूच आलं. सरांचा चेहरा मात्र उजळला.

"वनिता, कागद लाव मशीनले. हरकत घेऊ!"

हरकत एकवीस पानांची झाली. 'मुद्दा क्रमांक एक' टाइप करता करता माझी बोटं दुखायला लागली. सरकारी ऑफिसातल्या बाबूनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि विचारलं, "साहेब, हे पुस्तक छापून राह्यले का तुम्ही?"

शेवटी सुनावणी लागली. समितीपुढे सर, मी आणि हिरव्या ओढणीतल्या नसरीनभाभी. मुख्य साहेब म्हणाले, "भागीदार वारले, तेव्हा तुमची जुनी फर्म संपली. नवीन फर्मचा अनुभव शून्यच धरावा लागतो."

"मुद्दा क्रमांक एक," सर उभे राहिले. "बंधारा जाग्यावर आहे का नाही?"

"आहे."

"पाणी अडवून राह्यला का नाही?"

"अहो, तो प्रश्नच नाही!"

"मंग कोणता आहे? फर्म संपली म्हणता, भिंत तं नाही संपली."

साहेबांनी भाभींकडे मोर्चा वळवला. "बाई, तुम्हाला कामाचा अनुभव किती?"

"बीस साल, साब," भाभी ताठ बसून म्हणाल्या. "सिलाई का."

कोपऱ्यातला एक इंजिनियर खोकल्याच्या नावाखाली हसला. सर अजिबात हसले नाहीत. त्यांनी निविदेचं पुस्तक उघडून साहेबांपुढे सरकवलं. "हे तुमचंच पुस्तक. तळची ओळ वाचा."

साहेबांनी वाचली. मग बाबूला बोलावलं, त्यानं वाचली. जुन्या फर्ममधला एक जरी भागीदार कामावर असला, तरी जुना अनुभव धरावा, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते कोणीच वाचलं नव्हतं.

आठवड्यानं सुधारलेली यादी लागली. आम्ही पात्र ठरलो आणि फुलसावंगीकडचे तीन बंधारे आम्हाला मिळाले.

यादीची प्रत आणायला गेले, तेव्हा बाबू मला म्हणाला, "कायले एवढा आटापिटा केला तुमच्या साहेबानं? म्या पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. शेखचं नाव काढा, एकट्याच्या नावानं अर्ज द्या, जुना अनुभव तुमच्याच नावावर लागते, काही लफडंच नाही."

मी तडक ऑफिसात आले. एकवीस पानांची कळ अजून बोटांत होतीच. "सर, काहून नाही केलं मग तसं?"

ते नकाशाची गुंडाळी करत होते. या वेळी त्यांनी मुद्द्याचा क्रमांक लावला नाही.

"शेख गेला त्या दिवशी मी नागपुरात होतो," ते हळू म्हणाले. "टेंडर भराले गेलतो. भाभीचा फोन आला. म्हटलं, एवढा कागद देतो अन् निघतो. आलो तं माती होऊन गेलती." त्यांनी गुंडाळीला दोरा बांधला. "त्या कागदापायी त्याले शेवटचं पाह्यलं नाही मी. आता त्याच हातानं त्याचं नाव कसं खोडू?"

त्यांनी माझ्या हातातून यादी घेतली, 'शेख' या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि भाभींना दाखवायला निघाले.