शेवटची अकरा पानं

आमच्या नागभीडच्या गल्लीतले रामटेकेभाऊ माणसाचं शतक ठरवतात आणि त्या काळातली कादंबरी त्याच्या हातात ठेवतात. वाचनालयात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो.

सिलिंडरवाल्याला त्यांनी सातवाहनांच्या काळातली दिली. "ओझं उचलाची ढब पाहा त्याची. घाटातला हमाल होता." मला म्हणाले, "तुमी गोंडराजाच्या काळातले. परकोटाचे दगड मोजत होते."

मी लाकूड डेपोत सागाचे लठ्ठे मोजतो, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा यात चमत्कार नाही. पण त्या कादंबरीच्या चौथ्या प्रकरणात खरंच एक दगड मोजणारा कारकून निघाला, आणि माझ्यासारखीच डाव्या कानामागे लेखणी खोचणारा! त्या दिवसापासून मी पेन खिशात ठेवतो.

एक पुस्तक मात्र ते कोणालाच देत नाहीत. वाकाटकांच्या काळातलं, चारशे बारा पानांचं. घरापुढच्या छपरीतल्या रिकाम्या खुर्चीवर ते असतं, खुणेला तेंदूचं पान. मंगळवारी खूण ३९९ वर होती, बुधवारी ४०० वर. रोज दुपारी दोनला भाऊंचा आवाज येतो. एक पान वाचतात, थांबतात, मग हसतात. "मी म्हटलं नव्हतं, हा सेनापती दगा देते म्हणून?"

घरात दुसरं कोणी नाही. मधलं थांबणं मात्र कोणाचं तरी बोलणं ऐकून घेण्याइतकं असतं.

गुरुवारी त्यांनी मला हाक मारली. खूण ४०१ वर होती. मी डायरी काढून पाहिली. भाऊंच्या बायकोला, मायावहिनींना, जाऊन त्या दिवशी बरोबर चारशे एक दिवस झाले होते. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी हे पुस्तक त्यांनीच निवडून ठेवलं होतं.

"किती पानं उरली?" रामटेकेभाऊंनी मला विचारलं.

"अकरा."

गावाला पुस्तकं सुचवणारा माणूस हळूच म्हणाला, "एखादी जाड कादंबरी सांगा न. कोनत्याबी शतकातली चालते."

"काऊन?"

"तुमची वैनी पुस्तक अर्धं टाकून उठत नाई. पन संपलं का जाते."

मी घरून गोंडराजावाली आणून दिली.

"सहाशे चाळीस पानं," मी म्हणालो. "पावणेदोन वर्षं."

ते हसले. निघताना मी त्या रिकाम्या खुर्चीला वळसा घालून गेलो.