चौदा महिने लवकर

नेलूची आणि माझी ओळख अळूच्या फतफत्याने करून दिली.

कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून लागून मला चारच दिवस झाले होते. गाड्यांच्या दारांचे पत्रे ठोकून काढणारा कारखाना. जेवणाच्या सुट्टीत पिशवीतून स्टीलचा डबा काढताना तो हातातून सुटला. झाकण नेहमीसारखंच सैल. शेजारी एक माणूस सँडविच खात वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने मान वळवली नाही. फक्त डावा पाय उचलला, डबा बुटाच्या टोकावर झेलला, डब्याबरोबर पाय हळूहळू खाली आणला आणि झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसा तो फरशीवर ठेवला. एक थेंब सांडला नाही. मग वर्तमानपत्राचं पान उलटत तो म्हणाला,

"वेट बॉल. व्हेरी डिफिकल्ट."

हा नेलू. मूळचा रुमानियाचा. घरी येऊन सुलभाला सांगितलं तर ती म्हणाली, "नीलू? आणि पुरुष?"

हळूहळू कळलं की हा माणूस हातांनी फक्त जेवतो आणि मशीन चालवतो. बाकी सगळं पायाने. दार टाचेने लावायचं. जमिनीवर पडलेला नट वाकून उचलायचा नाही, बुटाने उडवून खिशाजवळ आणायचा. मी टेप मागितली की टेपचं बंडल जमिनीवरून गरगरत यायचं आणि बरोबर माझ्या बुटाला टेकून थांबायचं. पहिल्यांदा तो घरी जेवायला आला तेव्हा ग्रोसरीच्या पिशवीतून एक बटाटा घरंगळला. नेलूने तो तीन टप्प्यांत टोपलीत पोचवला आणि कौतुकाच्या अपेक्षेने सुलभाकडे पाहिलं.

"अहो, यांना सांगा," सुलभा मला म्हणाली, "अन्नाला पाय लावत नाहीत. तो बटाटा मी भाजीत घालणार नाही."

मी भाषांतर केलं. नेलू गंभीरपणे वॉशरूममध्ये गेला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, ओल्या पावलांनी परत आला. "मॅडम सुलाभा, क्लीन फूट. नाऊ पोटॅटो?" सुलभा इतकी हसली की त्या दिवसापासून तो तिचा नेलूभावजी झाला. तिने केलेली उकड त्याने एकदा खाल्ली आणि "मामालिगा!" म्हणून ओरडला. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाचं असंच काहीतरी करतात म्हणे. मग दर रविवारी उकड ठरून गेली.

त्याची दुसरी खोड म्हणजे तो कुठूनही लवकर निघत नसे. गणपतीच्या आरतीला बोलावलं तर प्रसाद संपायचा, सतरंज्या गुंडाळल्या जायच्या, सुलभा तिसरी जांभई द्यायची, तरी नेलू खुर्चीत. प्लँटने वयाच्या आधी रिटायर होणाऱ्यांना बरे पैसे देऊ केले, आम्ही सगळ्यांनी घेतले. नेलूने नाकारले. तो प्लँटला कुलूप लागेपर्यंत कामावर गेला. मी कारण विचारलं तर एकच उत्तर; माझ्या नावातला 'ध' त्याला कधी जमला नाही.

"मादू, मी आयुष्यात एकदा लवकर निघालो. फोर्टीन मंथ्स. आता नाही."

हे 'फोर्टीन मंथ्स' पूर्ण प्लँटला पाठ होतं.

गोष्ट अशी. तिकडच्या पहिल्या दर्जाच्या क्लबात नेलू मिडफील्डर होता, म्हणजे मैदानाच्या मध्यावर राहून पुढच्यांना चेंडू पुरवणारा. तेविसाव्या वर्षी राष्ट्रीय संघाच्या यादीत त्याचं नाव आलं होतं. क्लब टोरांटोला प्रदर्शनी सामने खेळायला आला. बरोबर सरकारची दोन माणसं. "त्यांच्या पायाला आयुष्यात चेंडू लागला नव्हता," नेलू म्हणायचा, "पण आमचे सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्याकडे." टोरांटोच्या एटोबिको भागातल्या, विमानतळाजवळच्या हॉटेलातून नेलू एका दुपारी किचनच्या दाराने बाहेर पडला तो परत गेलाच नाही. हायवेच्या कडेने चालत एका गॅस स्टेशनवर पोचला. तिथल्या पंजाबी टॅक्सीवाल्याने त्याला फुकटात पोलिसांकडे सोडलं.

कॅनडाने ठेवून घेतलं, पण तिकडच्या फुटबॉलवाल्यांनी कागद अडवले. कागद नाहीत म्हणून इथे कुठलीही व्यावसायिक टीम त्याला घेऊ शकेना. नेलू शनिवार-रविवारी हौशी संघात खेळायचा आणि इतर दिवशी पत्रे ठोकायचा. आणि तो पळाल्यावर चौदा महिन्यांनी तिकडची राजवटच कोसळली! त्याच्या टीममधली पोरं राजरोस विमानात बसून इटलीला, स्पेनला खेळायला गेली.

"माझ्या जागी ज्याला घेतला," नेलू सांगायचा, "त्याचा डावा पाय फक्त बसमध्ये चढण्यासाठी होता. त्याने इटलीत घर घेतलं. मी? मी विंडसरला बेसमेंट घेतलं." मग एक उसासा. "मिडफील्डरचं सगळं कौशल्य म्हणजे टायमिंग. आणि मी बघ."

आम्ही हसायचो. नेलू बोलायला लागला की कुणीतरी मागून आधी एक बोट आणि मग चार बोटं दाखवायचा. मीही दाखवलेली आहेत. त्याचं लग्न सहा वर्षं टिकलं, बायको कॅल्गरीला निघून गेली, तेव्हाही कुणीतरी म्हणालं, "चौदा महिने तरी थांबायचं होतंस म्हणावं." नेलू हसला होता. तो नेहमीच हसायचा, त्यामुळे आमचं फावलं.

प्लँट बंद झाल्यावर नेलूने मला चालत्या फुटबॉलमध्ये ओढलं. पन्नाशीच्या पुढच्यांचा खेळ. कम्युनिटी सेंटरच्या जिममध्ये, धावायचं नाही, फक्त चालायचं. मी सांगलीचा, शाळेत लंगडीच्या पलीकडे गेलो नव्हतो. तिथे मला पहिल्यांदा नेलू खरा दिसला. पोट सुटलेलं, एक गुडघा कुरकुरणारा, पण चेंडू पायाशी आला की तो माणूस बदलायचा. चेंडू जिथे कुणीच नाही अशा जागी जायचा आणि शांतपणे भिंतीला लागायचा.

"अरे, मी इथे होतो की!" मी ओरडायचो.

"माहीत आहे," नेलू म्हणायचा. "मी तुला दिला नाही. एक सेकंदानंतर तू जिथे असशील, तिथे दिला."

"मी नाही पोचत एका सेकंदात."

"ते मलाही माहीत आहे," तो म्हणायचा, आणि पुढच्या वेळी परत तिथेच द्यायचा.

माझ्या मुलीने, मीराने, एकदा इंटरनेटवर शोधून शोधून त्याच्या जुन्या सामन्याची चार मिनिटांची चित्रफीत काढली. आमच्याकडे उकडीच्या रविवारी टीव्हीवर लावली. पाऊस पडल्यासारखी मुंग्यांनी भरलेली. त्यात आठ नंबरचा काटकुळा मुलगा. त्याने मान न वळवता चेंडू रिकाम्या जागेत टाकला आणि त्या रिकाम्या जागेत नऊ नंबर आधीच पोचलेला होता. एकदा नाही, तीनदा. मी तर थक्क झालो. चेंडू नेलूकडे यायच्या आधीच तो नऊ नंबर पळत सुटलेला दिसत होता.

"हा कोण?" मी विचारलं.

"टीटी," नेलू म्हणाला. "माझा रूममेट." आणि इतकं सगळं सोडून तो पार्किंगमधला बर्फ शोव्हल करायला निघून गेला. आमच्या घरातून तो लवकर उठल्याचा तो पहिला प्रसंग. मीरा म्हणाली, "डॅड, डिड वी डू समथिंग राँग?" मी म्हटलं, गुडघा दुखत असेल.

या गोष्टीला वर्ष झालं असेल. गेल्या फेब्रुवारीत नेलूचा फोन आला. फोनवर तो नेहमी ओरडून बोलतो, तेव्हा मात्र आवाज खाली होता.

"मादू, तुझ्या गाडीला विंटर टायर्स आहेत ना?"

"आहेत. का?"

"टीटी एटोबिकोला आलाय. मुलीकडे, नातीसाठी. मुलीने मला फेसबुकवर शोधलं. माझी गाडी एवढ्या लांब जाणार नाही."

त्याची गाडी माझ्या गाडीपेक्षा नवी होती. मी फक्त किती वाजता निघायचं ते विचारलं.

रविवारी सकाळी सातला निघालो. नेलूने टाय लावला होता. मांडीवर केकचा खोका. "मागे ठेव," मी म्हटलं. नाही. चार तास तो खोका दोन्ही हातांनी धरून बसला आणि ओठांतल्या ओठांत रुमानियन भाषेत काहीतरी घोकत राहिला. मुंजीतल्या बटूसारखा. मधेच थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा पहिल्यापासून. मी थट्टा करणार होतो, पण त्याच्या कपाळावर घाम दिसला. बाहेर उणे नऊ होतं.

बाराव्या मजल्यावर दार उघडलं ते एका टकल्या, ठेंगण्या, सपाता घातलेल्या माणसाने. खांद्यावर दोन महिन्यांची नात. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. घोकलेलं एकही वाक्य नेलूच्या तोंडातून निघालं नाही. केकचा खोका तसाच. शेवटी मी तो काढून घेतला, आणि टीटीने रिकाम्या झालेल्या त्या हातांत नात ठेवली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा नेलूला काहीतरी हातात घेऊन गोंधळलेला पाहिला.

ते दोघं किचनच्या टेबलाशी बसले. मी बाहेरच्या खोलीत टीटीच्या मुलीशी, योआनाशी, गप्पा मारत. ती हॉस्पिटलात नर्स आहे. म्हणाली, बाबा तिकडे गावात गाडी चालवायला शिकवतात.

"फुटबॉल?" मी विचारलं.

"लवकर सुटलं. त्या टूरनंतर त्यांना एक पूर्ण सीझन बाहेर ठेवलं. पासपोर्ट काढून घेतला. एकाच खोलीत राहून तुला कसं कळलं नाही म्हणून दोन महिने चौकशी. नंतर खालच्या दर्जाच्या क्लबात खेळले, पण..." तिने खांदे उडवले. "घरात मात्र नेलूंचं नाव नेहमी असायचं. बाबा म्हणायचे, त्यानंतर मला कुणी चेंडू दिलाच नाही. नुसता मारायचे माझ्याकडे."

 चौदा महिन्यांच्या गोष्टीत टीटी कधी आलाच नव्हता. आणि त्या गोष्टीत आम्हीही हसण्यापलीकडे कधी काही विचारलं नव्हतं.

किचनमधून मघापासून येणारं बोलणं थांबलं. टीटीने खाली बघत एक छोटं वाक्य उच्चारलं. नेलूने कप खाली ठेवला. टीटी बोलत राहिला, सावकाश, परत स्वतःकडे घेतलेल्या बाळाच्या पाठीवर थोपटत. निघताना त्याने दारात नेलूच्या कोटाची बटणं लावून दिली. वरचं चुकलं होतं, ते काढून पुन्हा लावलं.

परतीच्या वाटेवर आम्ही लंडन, म्हणजे कॅनडातलं लंडन, मागे टाकलं. मग नेलू एकदम म्हणाला,

"तो म्हणाला, मी जागा होतो."

"कधी?"

"त्या दुपारी. जेवणानंतर सगळ्यांना झोपायला पाठवलं होतं. टीटी भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी बूट हातात घेऊन बाहेर पडलो. तो जागा होता."

वायपर फिरत होते. मी वेग कमी केला.

"मी बाहेर पडल्यावर पाचच मिनिटांनी त्या दोन सरकारी माणसांपैकी एकाने दार ठोठावलं. टीटीने आत शॉवर सुरू केला आणि ओरडून सांगितलं, नेलू आंघोळ करतोय. पाऊण तास पाणी सोडून ठेवलं. मला गॅस स्टेशनपर्यंत पोचायला तेवढाच वेळ लागला होता, मादू."

"त्याला सांगितलं का नव्हतंस?"

"त्याला त्रास होऊ नये म्हणून. असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो." त्याने काचेवरची वाफ बाहीने पुसली. "खरं सांगू? किचनमधून एक माणूस निघून जातो. दोघं असले की दिसतात. मी हिशेब केला होता."

 इंजिनियर माणसाला हिशेब चुकला म्हणता येतं. तो बरोबर आला तर काय म्हणायचं?

विंडसरला पोचेपर्यंत अंधार पडला होता. मी त्याच्या दाराशी गाडी उभी केली. घरात दिवा नव्हता, असणार कुठून. नेलूने सीटबेल्ट काढला आणि तसाच बसून राहिला.

"तो म्हणाला, 'तू दारात थांबला होतास. मला वाटलं तू मला हलवशील, चल म्हणशील.' त्याचे बूट पलंगाखाली तयार होते. मोजे त्याने घातलेले होते." नेलूचा आवाज फाटला. "मी निघताना त्याच्याकडे बघितलं होतं, मादू. चांगलं बघितलं होतं. मला वाटलं, झोपलाय."

मी इंजिन बंद केलं नाही, हीटर चालू राहू दिला. सुलभाचा फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा उचलला.

"पोचलात का?" तिने विचारलं.

"पोचलो," मी म्हटलं. "पण अजून गाडीतच आहोत. तू जेवून घे."